ना कटला, ना रोहू

मराठीत ‘संकर’ हा शब्द दोन तोंडांनी बोलतो. जून महिन्यात यवतमाळच्या कृषी केंद्रांपुढे रांगा लागतात, तेव्हा ‘संकरित’ हे विशेषण सरकीच्या पाकिटावर ठळक अक्षरांत मिरवत असते आणि त्या एका शब्दासाठी शेतकरी पदरचे, पुष्कळदा सावकाराचे, पैसे मोजून देतो. तोच शब्द माणसाच्या कुळाला लावला की शिवी होते. ज्वारीच्या बाबतीत तो अर्धा स्तुतीचा आणि अर्धा निंदेचा. १९६० च्या दशकात आलेल्या हायब्रीड ज्वारीने कोठ्या भरल्या खऱ्या, परंतु जुन्या माणसांनी तिच्या भाकरीला मनापासून भाकरी कधी म्हटले नाही. मासळीच्या बाबतीत मात्र हा शब्द आमच्या भागात अजून नवा आहे, आणि तो चांगला समजावा की वाईट, हे ठरायचे आहे. गेली काही वर्षे आमच्या शेतातील तळ्याच्या काठी आम्ही घरची माणसे हेच ठरवीत बसलो आहोत.

आर्णी तालुक्यात, पुढे अरुणावतीला मिळणाऱ्या एका नाल्यालगत आमची शेती आहे. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. २०१६ साली राज्य शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली आणि कोरडवाहू रानांतून जागोजाग चौकोनी तळी दिसू लागली. त्या योजनेतले ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असे तळे, बाजूंचा उतार धरूनही, सुमारे २२ लाख लिटर पाणी पोटात घेते. आमचे तळे त्याहून जुने आणि थोडे मोठे, पंधरा गुंठ्यांचे आहे. काळ्या चिकण मातीत खोदलेले असल्याने पाणी फारसे झिरपत नाही, आणि वैशाखात विहिरीचे पाणी सोडून आम्ही ते आटू देत नाही. मूळ हेतू पिकाला एखादे संरक्षित पाणी देण्याचा. परंतु एवढे पाणी वर्षभर नुसते उभे राहिलेले पाहवेना, म्हणून मासे सोडले. त्यात घरातल्या एका जुन्या सवयीचाही वाटा होता. आमच्या घरात वसईहून आलेल्या सुना आहेत, आणि प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी पानात मासा हवा ही त्यांची माहेरची रीत. यवतमाळात येऊन ती रीत बटाट्याच्या रश्श्यावर थांबली होती. तळ्याने ती पुन्हा चालू केली.

सोडले ते तीन जातींचे मासे: कटला, रोहू आणि मृगळ. मिश्र मत्स्यपालनाचा हा जुना त्रिकूट आहे, आणि त्यामागची कल्पना एखाद्या तीन मजली चाळीसारखी सोपी आहे. कटल्याचे डोके मोठे, तोंड रुंद आणि वर वळलेले. तो पाण्याच्या वरच्या थरात तरंगणारे सूक्ष्म प्राणी गाळून खातो. रोहूचे तोंड खाली, ओठांना झालर. तो मधल्या थरात चरतो. मृगळ सडपातळ, रुपेरी; तळाचा कुजका पाला आणि गाळातले अन्न हे त्याचे. तिघे एकाच पाण्यात राहतात आणि एकमेकांच्या ताटात हात घालीत नाहीत. दहा बोटुकल्यांमागे चार कटला, तीन रोहू, तीन मृगळ असे प्रमाण सांगितले जाते. आम्हीही त्याच हिशेबाने एक हजार बोटुकली आणली होती. बोटुकली म्हणजे बोटाएवढी झालेली पिल्ले. त्या वयात कटला कोणता आणि रोहू कोणता, हे ओळखायला फार सरावलेली नजर लागते. विकणाऱ्याच्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागतो.

दुसऱ्या वर्षी जाळे टाकले तेव्हा गोष्ट उघडकीस आली. आमच्याकडे जाळे ओढायला येणारे भोई समाजातले एक वृद्ध गृहस्थ आहेत. पोरे त्यांना भोईकाका म्हणतात. काठावर ओतलेल्या ढिगातून त्यांनी दोन-अडीच किलोचा एक मासा उचलला, त्याचे तोंड उघडून पाहिले, ओठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “भाऊ, हा कटला नोहे. अन् रोहूबी नोहे.” मग ढीग चाळला. डोके रोहूपेक्षा मोठे पण कटल्यापेक्षा लहान, पाठ कटल्यासारखी उंच, ओठाला झालरीची नुसती खूण, असे दहा-बारा मासे त्यांनी वेगळे काढले. दिसायला देखणे होते. अंगाने रोहूला मागे टाकणारे आणि डोके लहान म्हणून कटल्यापेक्षा अधिक मांस देणारे. मासळी बाजारात त्यांची तक्रार कोणीच केली नसती. स्वयंपाकघरातही कोणी केली नाही.

हे मासे कोठून आले? त्यासाठी थोडे मागे जावे लागते. कटला, रोहू आणि मृगळ तळ्यात वाढतात, वयात येतात, मादीच्या पोटात अंडी भरतात. पण साठलेल्या पाण्यात ती अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील नदीचा पूर हवा असतो. त्यामुळे पूर्वी मत्स्यबीज नद्यांतून गोळा करीत आणि कलकत्त्याहून आगगाडीने दूरदूरच्या प्रांतांत पाठवीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांचे सहकारी डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूलगतच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना नदीवाचून प्रजननास प्रवृत्त केले. आज आपल्या देशात १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो याच कारणाने. त्या एका टोचणीने देशातील गोड्या पाण्याची मासेमारी बदलून टाकली. पुढे चिनी पद्धतीच्या वर्तुळाकार हॅचऱ्या आल्या. सिमेंटचा गोल हौद, त्यात फिरते पाणी, आणि नर-माद्यांना एक टोचणी. माशाला वाटते, पूर आला.

मादी अंडी पाण्यात सोडते, नर रेत पाण्यात सोडतो आणि फलन उघड्यावर होते. आता एकाच हौदात एकाच रात्री कटल्याची मादी आणि रोहूचा नर असतील तर? जागा वाचते, पाणी वाचते, मजुरी वाचते, आणि तीन जातींचे मिश्र बीज मागणाऱ्या गिऱ्हाइकाला एकाच खेपेत माल मिळतो, म्हणून काही उत्पादक हे करतात. नदीच्या विस्तीर्ण पात्रात प्रत्येक जात आपापली जोडी शोधते. हौदात शोधायला जागाच नसते. आमची बोटुकली अशाच एखाद्या हौदातली असावीत. ज्यांनी ती दिली त्यांचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही; त्यांनी विचारल्यावर “मासा मोठा झाला ना?” एवढेच उत्तर दिले, आणि मासा मोठा झाला होता हे खरेच होते.

संकराची संतती वांझ असते, अशी आमच्यातील पुष्कळांची समजूत होती. ती खेचरावरून आलेली. घोड्याला ६४ गुणसूत्रे, गाढवाला ६२, खेचराच्या वाट्याला ६३. ती नीट जुळत नाहीत आणि म्हणून खेचराचा वंश तेथेच खुंटतो. परंतु कटला, रोहू आणि मृगळ या तिघांचीही गुणसूत्रे ५० च आहेत. त्यांचा संकर वांझ नसतो. त्याला पिल्ले होतात, ती पिल्ले मूळच्या कटल्याशी किंवा रोहूशी पुन्हा मिसळू शकतात, आणि दोन-तीन पिढ्यांनी काठावरच्या भोईकाकांनाही अंगठा फिरवून काही सांगता येत नाही. चिंतेची जागा ही आहे.

तेव्हा शुद्ध आणि संकरित मासे एका तळ्यात ठेवावेत की नाही? हा प्रश्न अमेरिकेतील खाजगी तळ्यांच्या मालकांनाही पडतो. तेथे ब्लूगिल आणि ग्रीन सनफिश या सनफिश कुळातील दोन माशांचा संकर तळ्यांत हौसेने सोडतात. त्या संकरात बहुतांश नर निपजतात, त्यामुळे तळ्यात पिल्लांची खोगीरभरती होत नाही आणि आहेत ते मासे चांगले पोसतात. पण त्याच तळ्यात शुद्ध ब्लूगिल असला तर सगळे गणित बिघडते. कारण सनफिशला पूर लागत नाही. तो उथळ पाण्यात तळाशी बशीसारखे घरटे कोरतो, नर त्याची राखण करतो, आणि साचलेल्या पाण्यातच वंश वाढत राहतो. संकरातल्या थोड्याफार माद्या, शुद्ध नर, उलटसुलट जोड्या. काही वर्षांत तळे हातरुंदीच्या खुरट्या माशांनी भरते. म्हणून तेथील जाणकार सांगतात की संकर सोडायचा तर एकटा सोडा. हा सल्ला त्यांच्या माशासाठी योग्य आहे. आपल्या तळ्याला तो जसाच्या तसा लावता येत नाही, कारण आपला कटला आणि आपला रोहू पुरावाचून विवाहाला उभेच राहत नाहीत. एकाच तळ्यात दहा वर्षे शेजारी राहिले तरी राहतील. येथे मिसळण्याचे पाप, पाप म्हणायचेच तर, तळ्यात होत नसून हौदात होते.

आमचा पहिला निर्णय त्यामुळे सोपा झाला. वाढलेल्या माशांना वेगळे काढून मारण्याचे कारण नव्हते. एक किरकोळ तोटा दिसत होता तो चाळीचा: हा मधला मासा वरच्या मजल्यावरही जेवतो आणि मधल्यावरही, त्यामुळे दोन्ही बिऱ्हाडांना थोडे कमी पडते. आम्ही तांदळाचा कोंडा आणि सरकीच्या ढेपेचा चुरा थोडा वाढवला. एवढ्यावर विषय मिटला असता.

तो मिटू दिला नाही तो बाजाराने. २०२२ साली क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला कापूस पुढच्या हंगामांत सात हजारांच्या आसपास उतरला. यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा भाव उतरणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही; आमच्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत जेथे फादर मिस्सा आटोपून सरळ सांत्वनाला गेले आहेत. अशा वेळी मत्स्यबीजाचा धंदा करणारे एक गृहस्थ तळ्यावर आले. जाळ्यातला तो उंच पाठीचा मासा त्यांनी पाहिला आणि जिवंत मासे मागितले, तीन वर्षांचे, नर आणि मादी दोन्ही. भाव बाजारापेक्षा जवळजवळ दुप्पट. त्यांना खायला नको होते, प्रजननासाठी हवे होते. “कटला म्हणून लावतो,” ते मोकळेपणाने म्हणाले.

घरात त्या रात्री मतभेद झाला, आणि तो लपवण्याचे कारण नाही. आमच्यातील धाकट्याचे म्हणणे असे: आपण मासा विकतो, पुढे त्याचे काय करायचे ते घेणारा पाहील, संकर वाईट असता तर हे सगळे शिवार बीटी सरकीने कशाला भरले असते? युक्तिवाद बिनतोड वाटतो. १९७० साली सुरतेच्या केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ हा कापूस तयार केला, तो व्यापारी प्रमाणावर लावलेला जगातील पहिला संकरित कापूस, आणि विदर्भाने तो डोक्यावर घेतला. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेही संकरित बियाणेच. मग माशाने काय घोडे मारले?

उत्तर एका धर्मबंधूने दीडशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. ग्रेगोर मेंडेल हे ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठातील व्रतस्थ. मठाच्या बागेत वाटाण्याच्या उंच आणि ठेंगण्या झाडांचा त्यांनी संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळी झाडे उंच आली, एकसारखी. त्याच झाडांचे बी पुन्हा पेरले तेव्हा चारांत एक ठेंगणे निघाले. पहिल्या पिढीत झाकलेले दुसऱ्या पिढीत फुटून बाहेर येते. १८६६ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि जगाने तो सुमारे चौतीस वर्षे वाचलाच नाही. परंतु यवतमाळचा शेतकरी मेंडेलचे नाव न घेता त्यांचा नियम पाळतो. संकरित कपाशीची सरकी तो पुढच्या वर्षी पेरीत नाही, ढेपेला घालतो. पाकिटावर ‘संकरित’ असे छापलेले असते, म्हणून त्याला तसे वागता येते. आमच्या माशावर काही छापलेले नाही. तो ‘कटला’ म्हणून हौदात जाणार, त्याची पिल्ले ‘कटला’ म्हणून विकली जाणार, आणि कोणा एका शेतकऱ्याच्या तळ्यात ती सरमिसळ पिल्ले वर्षभर ढेप खाऊन शेवटी कोणत्या आकाराची होतील, हे कोणीच सांगू शकणार नाही. त्याचे एक वर्ष जाईल. कोरडवाहू माणसाचे एक वर्ष ही लहान गोष्ट नव्हे.

आम्ही नाही म्हटले. ते मासे दुसऱ्या दिवशी आर्णीच्या बाजारात खाण्यासाठी विकले, साध्या भावाने. धाकट्याने दोन दिवस अबोला धरला. त्या पैशांत सोसायटीचा हप्ता बसला असता हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

शुद्ध बीज टिकवणे हे काम किती जिकिरीचे आहे, याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने १९९२ साली नॉर्वेतील शास्त्रज्ञांच्या साहाय्याने रोहूची वाढ सुधारण्याचे काम हाती घेतले. नॉर्वेच्या लोकांना सामन माशाचा अनुभव होता. ‘शुद्ध रोहू’ हवा, तर एखाद्या नामांकित तळ्यातला एक कुलीन रोहू निवडून त्याचाच वंश वाढवावा, असे आपल्याला वाटेल. त्यांनी नेमके उलट केले. गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा अशा पाच नद्यांतून रोहू आणले, त्यांत तळ्यांत वाढलेल्या रोहूची भर घातली, त्यांची आपापसांत लग्ने लावली आणि पिढ्यानुपिढ्या चांगले ते निवडले. दर पिढीला वाढ सुमारे १७ टक्क्यांनी सुधारत गेली. १९९७ साली, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, तो ‘जयंती रोहू’ म्हणून शेतकऱ्यांना दिला. एकाच तळ्यातील दोन-चार नर-माद्यांवर पिढ्या काढणारी हॅचरी आपल्या रोहूला शुद्ध म्हणवते, परंतु भावाबहिणींच्या संततीने तो रोहू खुरटत जातो. जयंती रोहू मात्र पाच नद्यांचे पाणी प्यालेला, आणि तरी अंगठ्यापासून शेपटीपर्यंत रोहूच. (माशाला अंगठा नसतो, भोईकाकांचा अंगठा आमच्या मनातून जात नाही.)

हे वाचले तेव्हा आम्हांला एकदम माणसे आठवली, आणि थोडे विषयांतर होत असले तरी ते येथेच सांगितले पाहिजे. अमरावती धर्मप्रांतात आपली कुटुंबे मुळातच विखुरलेली. कोणी वसईचे, कोणी जालन्याकडचे, कोणी गोव्याहून रेल्वेच्या नोकरीत आलेले, कोणी केरळचे, कोणी छोटा नागपूरचे आदिवासी. मुलामुलींची लग्ने जमवताना ‘आपल्यातलेच हवे’ हा आग्रह अशा घरांतूनही ऐकू येतो, आणि त्या ‘आपल्यात’ बाप्तिस्म्यापेक्षा जुनी जात आणि जुने गाव अधिक असते, हे आपण सगळे जाणतो. आमच्याच घरात वसईची आई आणि जालन्याकडचा बाप अशी मुले आहेत. धर्मग्रामाच्या एका सहलीत एका प्रेमळ आजींनी त्यांच्यातल्या एकाच्या गालाला हात लावून “आमचं हायब्रीड बाळ” असे म्हटले. हेतू कौतुकाचा होता. मूल मात्र घरी येऊन विचारते झाले की हायब्रीड म्हणजे काय, आणि मी पेरण्यालायक आहे की नाही. कपाशीच्या गावातले मूल दुसरे काय विचारणार?

त्याला आम्ही माशांवरूनच समजावले. कटला आणि रोहू या दोन जाती आहेत, निराळ्या. वसईचा माणूस आणि जालन्याचा माणूस या दोन जाती नव्हेत. ते गंगेतला रोहू आणि सतलजेतला रोहू आहेत. त्याला ते पटकन कळले. मोठ्यांना कळायला वेळ लागतो. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात निरनिराळ्या जातींची जनावरे एकत्र फळवू नयेत आणि शेतात दोन प्रकारचे बी पेरू नये, असा नियम आहे; तो आमच्यासमोर मिश्र विवाहाच्या विरोधात एकदा वापरला गेला आहे. त्या गृहस्थांना आम्ही एवढेच विचारले की मग दावीद राजाने शलमोनाला राज्याभिषेकासाठी कशावर बसवून पाठवले? खेचरावर, आणि तेही राजाच्या स्वतःच्या. जनावर फळवू नये असा नियम सांगणाऱ्या लोकांच्या राजवाड्यात खेचर होते. आणि संत मत्तयने प्रभूची वंशावळ लिहिताना कनानी राहाब आणि मवाबी रूथ यांची नावे वगळली नाहीत. वगळली असती तर कोणी विचारणार नव्हते. माशाचा नियम माणसाला लावणारा आणि माणसाची शिवी माशाला देणारा, दोघेही शब्दाच्या गुळगुळीतपणावरून घसरतात, असे आमचे मत झाले आहे.

तळ्याकडे परत येऊ. विकण्याचा प्रश्न आमच्या हातात होता, पण पाणी आमच्या हातात नव्हते. २०२३ च्या जुलैत यवतमाळ जिल्ह्यात जो पाऊस झाला तो आमच्या पिढीने पाहिलेला नव्हता. महागाव तालुक्यात अडकलेल्या माणसांना काढायला हेलिकॉप्टर आणावी लागली. आमच्याकडे नाला फुगून रानात शिरला, तळ्याचा बांध आणि नाल्याचे पात्र एकच झाले आणि दोन दिवस तळे कोठे आणि शेत कोठे हे ओळखू येत नव्हते. पाणी ओसरले तेव्हा पऱ्हाटीच्या ओळींत मृगळ पडलेले होते. किती गेले याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. त्यांतले उंच पाठीचेही गेले, आणि ते गेले ते नेमके पुराच्या पाण्यात, त्यांना हवे असलेल्या एकमेव पाण्यात. नाल्यातून अरुणावती, तिच्यातून पैनगंगा, पुढे वर्धा, मग प्राणहिता आणि गोदावरी. नकाशावर बोट ठेवून मुलांनी मोजले.

शेततळ्यातले पाणी खाजगी, पण त्यातला मासा खाजगी राहतोच असे नाही. १९६० साली शिकागोच्या महापौरांनी जपानच्या युवराजांना, पुढे जे सम्राट अकिहितो झाले त्यांना, ब्लूगिल मासे भेट दिले. युवराज स्वतः मत्स्यशास्त्राचे अभ्यासक. खाण्यासाठी वाढवता येतील म्हणून त्यांनी ते संशोधन संस्थेला दिले. तेथून ते बिवा सरोवरापर्यंत पसरले आणि तेथल्या मूळच्या माशांच्या जिवावर उठले. २००७ साली त्या सरोवराच्या काठी सम्राटांनी याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. आपल्याकडे आफ्रिकी मागुराची कथा अजून ताजी आहे. त्यावर बंदी असूनही तो चोरून पाळला जातो आणि नाल्याओढ्यांतून सापडतो. पैनगंगेत आधीच वाम, मरळ, शिंगाळा पूर्वीसारखे मिळत नाहीत, असे भोईकाका सांगतात. त्याला धरणे, वाळूउपसा आणि बारीक जाळी ही कारणे मोठी. आमचे पाच-पंचवीस मासे त्यांत तिळाएवढे. पण त्यांच्या समाजाचे पोट त्या नदीवर आहे, आमचे नाही, आणि हा तीळ कोणी कोणाच्या भांड्यात टाकला याचा हिशेब तरी असावा. परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात जनुकीय बदलांविषयी लिहिताना सरसकट एक निवाडा देण्याचे टाळले आहे. प्रत्येक बाबतीत कोणाला लाभ, कोणाला धोका आणि कोणाला विचारले, हे पाहावे असा त्या विवेचनाचा रोख आहे. आमच्या प्रश्नातले ‘कोणाला विचारले’ हे भोईकाका आहेत.

म्हणून आता आमची पद्धत अशी ठरली आहे. शुद्ध आणि संकरित मासे एकत्र वाढतात, एकच ढेप खातात; त्यांना वेगळे करायला दुसरे तळे नाही आणि त्याची जरुरीही नाही. परंतु प्रायश्चित्तकाळ लागला की पहिल्या ओढीपासून उंच पाठीचे मासे आधी निवडून काढायचे. शुक्रवारी आमच्या आणि शेजारच्या चार घरांत तेच शिजतात, उरलेले बाजारात. जून उजाडण्याआधी असा एकही मासा तळ्यात राहू नये असा प्रयत्न असतो. बांध हातभर उंच केला आहे. सांडव्याला दुहेरी जाळी बसवली आहे, आतली बारीक, बाहेरची जाड तारेची. बारीक जाळीत काडीकचरा अडकून पाणी तुंबते, म्हणून पावसात कोणीतरी रात्री बॅटरी घेऊन जाऊन ती साफ करावी लागते. हे काम धाकट्याने स्वतःहून घेतले आहे. बोटुकली आता एका जातीची एका खेपेत, वेगवेगळ्या पिशव्यांतून आणतो आणि वाहतुकीचा खर्च जास्त येतो.

तरीही एक मासा राहिलाच आहे. जुन्या खेपेतला, आठ किलोंच्या घरातला असावा. सकाळी ढेप टाकली की पाण्यावर त्याची पाठ दिसते, पण ओढीचे जाळे जवळ आले की तो खाली चिखलात बसतो आणि जाळे वरून जाते. कटला असा चिखलात बसत नाही, असे एकजण म्हणतो. म्हातारा कटला बसतो, असे दुसरा. भोईकाका त्याच्याविषयी काही बोलायला तयार नाहीत, तोंड उघडून पाहिल्याशिवाय. यंदा मे महिन्यात पाणी कमरेएवढे उतरले की त्यांनी दोन माणसे जास्तीची आणि खालच्या काठाला शिसे लावलेले जड जाळे आणायचे कबूल केले आहे.